सोडणाचा काथ्या आणि टाकाऊ प्लास्टिक यांची फळी पावसाळ्यात फुगते, यावर उपाय काय?

कुळागर_फोंडा

नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या गावात आम्ही काही जण मिळून नारळाच्या सोडणांचा काथ्या आणि सुक्या कचऱ्यातून निवडलेले प्लास्टिक यांपासून फळ्या तयार करीत आहोत. सोडणांना येथे तोटा नाही. नारळ सोलून झाले की भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, त्यांचे ढीग उरतात. त्यांतील काही चुलीत आणि काही माडाच्या आळ्यात जातात, उरलेली पावसाचे पाणी धरून डासांची सोय करतात. प्लास्टिक पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या शेडमधून मिळते. त्यात शीतपेयांचे तुटके क्रेट, बाटल्यांची झाकणे, शाम्पू व डिटर्जंटच्या बाटल्या असतात आणि किनाऱ्याकडील एका ओळखीच्या ट्रॉलरवाल्यांकडून कधी कधी फाटलेली जाळीही येतात.

आमची पद्धत साधी आहे. प्लास्टिक धुऊन त्याचा चुरा करतो, काथ्या दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा कापतो, वजनाने सुमारे तीस टक्के काथ्या त्यात मिसळतो आणि लोखंडी साच्यात तापवून हायड्रॉलिक जॅकने दाबतो. साच्यातून निघताना फळी दिसायला बरी असते. पण करवतीने कापल्यावर आत बारीक छिद्रे दिसतात, काही ठिकाणी काथ्या काळपट होऊन जळका वास येतो आणि फळी मोडली तर तुटलेल्या कडेतून काथ्याचे धागे अखंड, स्वच्छ बाहेर निघून येतात, जणू ते प्लास्टिकला कधी चिकटलेच नव्हते. मे महिन्यात केलेल्या फळ्या त्यातल्या त्यात बऱ्या निघाल्या. जून लागल्यावर केलेल्या फळ्यांच्या कडा अंगणात ठेवल्यावर महिन्याभरातच फुगल्या आणि एका टोकाला पांढरी बुरशी धरली.

माझे प्रश्न असे आहेत. यासाठी कोणते प्लास्टिक घ्यावे आणि कोणते टाळावे? काथ्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करणे अनिवार्य आहे का? आमच्यासारख्या लहान गटाने अशा फळ्यांपासून नेमकी कोणती वस्तू करावी? आमच्या मनात बसण्याचे बाक, गोठ्यातील व कोंबड्यांच्या खुराड्यातील पाटे आणि मिरवेलीसाठी खांब असे तीन पर्याय आहेत.

---

वितळबिंदू

आपण लक्षणे इतकी नेमकी सांगितली आहेत की निदान बरेचसे त्यांतच आहे. छिद्रे, फुगलेल्या कडा व बुरशी ही तिन्ही पाण्याची कामे आहेत. धागे स्वच्छ निघून येणे हा चिकटपणाच्या अभावाचा दोष आहे आणि जळका वास तापमानाचा आहे. मी पॉलिमर शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पाण्यापासून सुरुवात करतो. काथ्या हाताला कोरडा लागला तरी गोव्याच्या पावसाळी हवेत तो आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी धरून असतो. आता हिशेब करून पाहा. आपली एक फळी तीन किलोची असेल, तर तीस टक्क्यांप्रमाणे तिच्यात ९०० ग्रॅम काथ्या आणि त्या काथ्यात सुमारे ९० ग्रॅम पाणी आहे. पाण्याची वाफ झाली की ते साधारण सोळाशे-सतराशे पट जागा मागते, म्हणजे त्या ९० ग्रॅमची दीडशे लिटरच्या आसपास वाफ होते. एवढी वाफ घट्ट बंद साच्यात, चिकट वितळलेल्या प्लास्टिकमधून बाहेर पडण्याची धडपड करते आणि जिथे अडकते तिथे छिद्र राहते. पुढे पाऊस पडला की तीच छिद्रे आणि कापलेल्या कडेवर उघडे पडलेले धागे पाण्याला आत जाण्याची वाट देतात. मे महिन्यातील फळ्या बऱ्या का निघाल्या, याचे उत्तर येथेच आहे.

म्हणून दळण्या-मिसळण्याच्या आधी काथ्या भट्टीत वाळवलाच पाहिजे. १०० ते १०५ अंश सेल्सिअसला काही तास ठेवून, एक मूठ काथ्या वारंवार तोलत जावा आणि वजन उतरायचे थांबले की तो वाळला असे समजावे. ओलावा एक टक्क्याच्या खाली आणणे हे लक्ष्य असावे. आपल्याकडे खोबरे वाळवण्याचा ड्रायर असेल तर करवंट्या जाळून चालणारा तो ड्रायर या कामालाही उपयोगी पडेल, मात्र तो सहसा कमी तापमानावर चालतो, त्यामुळे वेळ अधिक द्यावा लागेल आणि धूर काथ्यापर्यंत येणार नाही याची व्यवस्था करावी लागेल. वाळलेला काथ्या उघडा ठेवला तर तो पुन्हा हवेतून पाणी ओढतो. तो गरम असतानाच जाड पिशवीत बांधावा आणि पिशवी उघडली की थेट साच्याकडे जावे.

छिद्रे किती आहेत हे मोजण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. काथ्याची घनता (घनसेंटीमीटरला ग्रॅम) साधारण १.२ आणि एचडीपीईची, म्हणजे शाम्पूच्या बाटल्यांसारख्या जाड पॉलिएथिलीनची, ०.९५ धरली, तर तीस टक्के काथ्याच्या भरीव फळीची घनता १.०१ च्या आसपास यायला हवी. फळीतून दहा सेंटीमीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद आणि एक सेंटीमीटर जाड तुकडा कापा. त्याचे वजन १०१ ग्रॅमच्या जवळ भरले तर फळी भरीव आहे. ते ९० ग्रॅम भरले, तर आकारमानाचा सुमारे नववा भाग निव्वळ पोकळी आहे. ही एक तपासणी प्रत्येक फळीच्या बाबतीत करून तारीख व वजन वहीत लिहिले, तर पुढच्या पावसाळ्यात नेमके काय चुकते आहे हे सांगायला माझ्यासारख्याची गरज राहणार नाही.

तापमानाची चौकट अरुंद आहे. वनस्पतिजन्य धागे साधारण २०० अंशांच्या पुढे जळू लागतात, आणि दीर्घकाळ तापवले तर त्याच्या आधीही काळे पडतात. एचडीपीई सुमारे १३० अंशांना वितळते, पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, १६० ते १६५ अंशांना. म्हणजे ही दोन प्लास्टिके या चौकटीत बसतात. पाण्याच्या बाटलीचे पीईटी वितळायला २५० अंशांहून अधिक तापमान लागते, त्यामुळे काथ्याशी त्याची जोडी जुळत नाही. ते वेगळे काढून भंगारात विकावे, त्याला भावही चांगला मिळतो. पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक) तर अजिबात घेऊ नये, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, ती छातीला घातक असते आणि साचाही गंजवते.

निवडण्याची पहिली चाळणी साध्या पाण्याची. चुरा पाण्यात टाकून ढवळला की एचडीपीई, एलडीपीई (पातळ पिशव्यांचे प्लास्टिक) व पीपी तरंगतात, पीईटी, पीव्हीसी व पॉलिस्टायरीन बुडतात. आपल्याकडे येणाऱ्या जाळ्यांसाठीही हीच चाळणी चालेल. ट्रॉलची जाळी बहुधा एचडीपीईच्या दोऱ्याची असते व तरंगते. काट्याची पारदर्शक, एकेरी दोऱ्याची जाळी नायलॉनची असते, ती बुडते आणि वितळायला सुमारे २२० अंश मागते, म्हणून ती बाजूला ठेवावी. जाळ्यातील वाळू, शिसे व मीठ मात्र धुऊन पूर्ण काढावे लागेल, नाहीतर ग्राइंडरच्या पात्यांची धार उतरेल.

तरंगणाऱ्यांत एचडीपीई आणि पीपी एकत्र राहतात, आणि ती एकमेकांत मुरत नाहीत. दोन्ही एकत्र वितळवली तर फळी त्यांच्या सांध्यांवर तुटते. वस्तूच्या तळावरचा अंक पाहावा, २ म्हणजे एचडीपीई आणि ५ म्हणजे पीपी. अंक नसेल तर नखाने ओरखडा काढून पाहावा, एचडीपीईवर तो सहज उठतो, पीपीवर उठत नाही. चुऱ्यासाठी स्पिरिट आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळलेला द्रव घेतला तर त्याची घनता ०.९३ च्या जवळ येते, त्यात एचडीपीई बुडते व पीपी तरंगते. (फेणीने हे काम होईल का, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. तिची तीव्रता त्या मानाने कमी पडते, आणि तेवढी फेणी त्यासाठी ओतायला कोणी देणारही नाही.) स्पिरिटचे काम अर्थातच आगीपासून दूर करावे.

आता चिकटण्याविषयी. धाग्याचा पृष्ठभाग पाण्याशी सलगी करणारा, आणि एचडीपीई किंवा पीपी पाण्याला दूर ठेवणारे. या दोघांना आपण केवळ दाबाने एकत्र बसवले तरी ती शेजारी राहतात, जोडली जात नाहीत. त्यासाठी मॅलेइक अॅनहायड्राइड हे रसायन जोडलेले प्लास्टिक मध्यस्थ म्हणून वापरतात. एचडीपीईच्या फळीसाठी पॉलिएथिलीनचे आणि पीपीच्या फळीसाठी पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावे लागते, दोन्हींची अदलाबदल करू नये. एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के एवढे पुरते. ते दाण्यांच्या स्वरूपात मिळते, किंमत अधिक असली तरी प्रमाण कमी असल्याने फळीमागे खर्च फार वाढत नाही. मात्र त्याचा परिणाम चांगल्या मिश्रणावर अवलंबून असतो, नुसता चुऱ्यात भुरभुरवून साच्यात दाबल्यास निम्मा फायदाही होत नाही.

कॉस्टिक सोड्याविषयी माझे मत अनुकूल आहे. काथ्यात लिग्निनचे (लाकडाला ताठपणा देणाऱ्या घटकाचे) प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक असते आणि त्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो. चार-पाच टक्के तीव्रतेच्या द्रावणात काही तास भिजवून, भरपूर पाण्याने धुऊन, शेवटी थोड्या व्हिनेगरच्या पाण्यातून काढला की तो थर जातो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि प्लास्टिकला धरायला जागा मिळते. हातमोजे आणि चष्मा हवाच.

एक अपेक्षा मात्र आधीच बाजूला ठेवावी. काथ्या हा ताणला जाणारा, चिवट धागा आहे, ताग किंवा घायपातासारखा ताठ नाही. त्यामुळे काथ्या घातल्याने फळी आघात सोसते, थोडी ताठही होते, पण तिचे ताणबळ फारसे वाढत नाही. जोडणारा मध्यस्थ नसेल तर ते कमीच होते. भार उचलणारा खांब करण्याआधी याचा विचार व्हावा.

---

प्रेसवाला_कुंडई

वरचे उत्तर शास्त्राच्या दृष्टीने पूर्ण आहे. मी औद्योगिक वसाहतीत प्रेस चालवतो, म्हणून काही गोष्टी कामगाराच्या बाजूने सांगतो, आणि एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे.

कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, बसून कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करू नये. काथ्या धुवायला त्याच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी लागते, ते पाणी तपकिरी आणि क्षारयुक्त होते, आणि उतारावरच्या बागेत ते शेवटी पाटात किंवा विहिरीत उतरते. ज्या मालाला आपण निसर्गाला धरून केलेला माल म्हणणार, त्याच्यासाठी शेजाऱ्याच्या पोफळींना सोड्याचे पाणी पाजणे मला पटत नाही. त्या मेहनतीऐवजी काथ्या गरम पाण्यातून काढून, पिंजून त्यातला भुसा पूर्ण झाडला आणि मध्यस्थ दाणे घातले, तर बाक-पाट्यांसारख्या कामाला तेवढे पुरते. भुसा झाडणे हे लोकांना किरकोळ वाटते, पण सोडणाच्या वजनात धाग्यापेक्षा भुसाच अधिक असतो आणि तो स्पंजाप्रमाणे पाणी धरतो. कापलेल्या कडेवर तपकिरी ठिपके दिसत असतील तर ते भुशाचे आहेत, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. झाडलेला भुसा रोपवाटिकांना विकावा.

दुसरी गोष्ट मिसळण्याची. कोरडा काथ्या आणि प्लास्टिकचा चुरा बादलीत एकत्र केला की काथ्याचे गुंते वर राहतात आणि चुरा तळाशी जातो, ही तक्रार सगळीकडे आहे. एक्स्ट्रूडरमधून (प्लास्टिक वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून) काढल्यास मिश्रण एकजीव होते, पण स्क्रू धाग्यांचे तुकडे करतो. आपल्याकडे एक्स्ट्रूडर नसावा असे दिसते, तेव्हा मिसळण्याच्या नादी न लागता थरांची पद्धत घ्यावी. काथ्याची पिंजून विरळ चादर करावी, खाली चुरा, वर चादर, पुन्हा चुरा, अशा चार-पाच पातळ थरांनी साचा भरावा आणि सर्वांत खालचा व सर्वांत वरचा थर निव्वळ प्लास्टिकचा ठेवावा. त्यामुळे धागा बाहेरच्या अंगाला उघडा पडत नाही. एका जाड चादरीने काम भागवू नये, वितळलेली एचडीपीई घट्ट असते, ती जाड चादरीच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही. या पद्धतीत मध्यस्थ दाणे चुऱ्यात आधी वितळवून, थंड करून, पुन्हा दळून घेतले तर ते सगळीकडे सारखे जातात. मध्यस्थ मिसळलेले हे मिश्रण एखाद्या प्लास्टिक पुनर्वापराच्या कारखान्यातून मजुरीवर करून मिळते.

साचा तापल्यावर एकदम पूर्ण दाब देऊ नये. प्लास्टिक मऊ झाले की थोडे दाबावे, क्षणभर सोडावे, पुन्हा दाबावे, म्हणजे उरलीसुरली वाफ निघून जाते. साच्याला तापमापक बसवा. गॅसच्या ज्योतीवर तापवत असाल तर साच्याचा तळ आणि झाकण यांच्या तापमानात मोठी तफावत पडते, आपला काळा पडलेला काथ्या बहुधा तळाशीच सापडेल. एचडीपीईला १७०-१८० अंश भरपूर झाले. आणि फळी गरम असताना बाहेर काढण्याची घाई करू नये. एचडीपीई थंड होताना पुष्कळ आकसते, दाब काढला की ती होडीसारखी वाकते. हाताला सोसेल इतकी गार होईपर्यंत ती दाबाखालीच राहू द्यावी. एका साच्याने दिवसभरात फार फळ्या निघणार नाहीत, हे मान्य. म्हणून मोठे कारखाने तापवायचा प्रेस वेगळा आणि थंड करायचा वेगळा ठेवतात.

कापलेली कड ही या मालाची खरी कच्ची बाजू. शक्य तर साचाच हव्या त्या मापाचा करावा, म्हणजे कापावेच लागणार नाही. कापलीच तर गरम इस्त्रीसारख्या पट्टीने कड वितळवून बंद करावी. खिळे ठोकू नयेत, आधी भोक पाडून स्क्रू घ्यावा, आणि भोक स्क्रूपेक्षा थोडे लांबट ठेवावे. दोन मीटर लांबीची निव्वळ एचडीपीईची फळी पहाटेच्या गारव्यापासून भर उन्हात तापेपर्यंत सात-आठ मिलिमीटर सहज वाढते, काथ्याने हे कमी होते पण थांबत नाही.

उन्हासाठी चुऱ्यात दोन टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) घालावा. रंग काळा येतो, ग्राहक कुरकुरतात, पण आपल्या किनारपट्टीच्या उन्हात रंगीत एचडीपीई दोन-तीन वर्षांत पांढुरकी होऊन चिरते.

---

सुका_कचरा

मी कचरा वर्गीकरणाच्या कामात आहे आणि मला मालापेक्षा त्याच्या आधीची व नंतरची काळजी अधिक वाटते.

सगळेच प्लास्टिक निरुपद्रवी नसते. जुन्या पिवळ्या, नारिंगी व लाल क्रेटमध्ये कॅडमियमची किंवा शिशाची रंगद्रव्ये असू शकतात, टीव्ही-संगणकाच्या काळ्या खोक्यांत ब्रोमिनयुक्त अग्निरोधक रसायने असतात. कीटकनाशकांचे डबे धुतले तरी घेऊ नयेत. अशा मिश्र उगमाच्या प्लास्टिकपासून ताट, खेळणे, पाण्याची टाकी किंवा जनावराचे गव्हाण करू नये. या दृष्टीने खुराड्यातील पाट्यांपेक्षा बाक मला बरे वाटते.

कागदपत्रांचेही पाहावे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि प्रक्रिया आयएस १४५३४ या मानकाला धरून असावी लागते. पंचायतीकडून माल घेताना त्याच्या वजनाची पावती सुरुवातीपासून ठेवली तर पुढे त्रास वाचतो.

आता नाजूक मुद्दा. विक्रीच्या पत्रकावर ‘पर्यावरणपूरक’ असे मोघम लिहू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि असे शब्द पुराव्यावाचून वापरण्याला त्यांत मनाई आहे. शिवाय दावा खरा आहे का, हा प्रश्न उरतोच. काथ्या आणि प्लास्टिक एकदा एकत्र वितळले की ते पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. काथ्या त्यात असला म्हणून फळी कुजणार नाही, आणि प्लास्टिक आहे म्हणून ती सरळ भंगारात जाणार नाही. क्रेट ही क्रेट म्हणून पुन्हा वितळवता आली असती, तिची फळी केल्याने आपण तिची वाट एका टप्प्यावर संपवतो. म्हणून आपण कशाच्या जागी ही फळी वापरतो, यावर सगळे ठरते. नव्या प्लास्टिकच्या किंवा लवकर सडणाऱ्या प्लायवूडच्या जागी ती दहा वर्षे टिकली तर माझी हरकत नाही. पण जिथे आजवर चिऱ्याचे सोपे (बसण्याचे कट्टे) किंवा बांबूचे मांडव होते तिथे प्लास्टिक नेऊन ठेवण्यात मला काही पुण्य दिसत नाही. मिरवेलीला पांगाऱ्याचा जिवंत खांब गावात फुकट मिळतो, तो सावली देतो, पानांचे खत देतो. त्याला पर्याय म्हणून तुम्ही काय विकणार?

आणखी एक. फळ्या कापताना पडणारा भुसा झाडून शेतात टाकू नका, त्यात बहुतेक प्लास्टिकचाच बारीक चुरा असतो. खाली ताडपत्री अंथरून तो गोळा करावा आणि पुढच्या फळीत घालावा.

---

कुळागर_फोंडा

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. मिरवेलीच्या खांबाचा विचार आम्ही सोडला आहे. पांगाऱ्याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि काथ्याने ताणबळ वाढत नाही हे कळल्यावर तर तो विषयच संपला. खुराड्याचे पाटेही तूर्त नकोत. बाकांचे मात्र पक्के करतो. गावच्या शाळेला, देवळाच्या आवाराला आणि बसथांब्यांना बाक लागतात, सध्या लाकडी पट्ट्या दोन पावसाळ्यांत कुजतात आणि सिमेंटचे बाक दुपारी बसण्याजोगे राहत नाहीत.

जुन्या फळीतून दहा बाय दहाचा तुकडा कापून तोलला. जाडी एक सेंटीमीटर धरून हिशेब केल्यावर पोकळी सातव्या भागाहून अधिक निघाली, म्हणजे निदान बरोबर आहे. काथ्या झाडताना पडलेल्या भुशाचा ढीग पाहून आम्ही आजवर फळीत काय भरत होतो याची कल्पना आली.

दोन शंका उरतात. बाकासाठी आधार किती अंतरावर द्यावेत? आणि आमच्याकडे काजूही पुष्कळ आहे. काजूच्या टरफलाच्या तेलापासून राळ होते असे ऐकले आहे, तर प्लास्टिक सोडून काथ्या व ती राळ अशी फळी करता येईल का?

---

प्रेसवाला_कुंडई

बाकाला पंचवीस मिलिमीटर जाडीची पट्टी घेत असाल तर आधार तीस सेंटीमीटरवर द्यावेत. त्याहून अधिक अंतर ठेवले तर पहिल्या दिवशी पट्टी भार पेलेल, पण वर्षभरात मध्ये खोलगट होईल. एचडीपीई सततच्या भाराखाली हळूहळू वाहत जाते, उन्हात तापल्यावर तर अधिकच. लोकांना वाटते की मोडली नाही म्हणजे टिकली, बाकाच्या बाबतीत मोडण्याआधी वाकणे येते. सांगाडा लोखंडी कोनांचा (अँगलचा) करून त्याला गंजरोधक रंग द्यावा, आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवावी म्हणजे पाणी साचत नाही.

बसथांब्यासारख्या ठिकाणी आगीचाही विचार हवा. हा माल पेटतो आणि पेटल्यावर थेंब गळतात. काकड्या-शेकोट्या होतात तिथे तो ठेवू नये.

---

वितळबिंदू

काजूच्या टरफलाच्या तेलात मुख्यतः अॅनाकार्डिक आम्ल असते. तापवल्यावर त्याचे कार्डेनॉल होते आणि कार्डेनॉलपासून फॉर्मल्डिहाइडच्या साहाय्याने राळ करतात. वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरांत ती वर्षानुवर्षे वापरली जाते. काथ्याशी तिचे चांगले जमते, कारण तिचा स्वभाव काथ्यातील लिग्निनच्या जवळचा आहे. परंतु कच्चे तेल कातडी भाजते, हे काजू सोलणाऱ्या बायकांना मी सांगण्याची गरज नाही. फॉर्मल्डिहाइड हाताळायला बंदिस्त व्यवस्था लागते. आणि एकदा घट्ट झालेली राळ पुन्हा वितळत नाही, त्यामुळे चुकलेली फळी दळून पुन्हा वापरण्याची जी सोय आपल्याला आज आहे ती जाईल. घरगुती पातळीवर मी हे सुचवणार नाही. काथ्या मंडळाची (कॉयर बोर्डाची) काथ्या तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था बेंगळुरूला आहे, काथ्याच्या फळ्यांवर तिथे बरेच काम झाले आहे, राळेचा विचार करायचा तर आधी त्यांच्याशी बोलावे.

सोड्याच्या पाण्याबाबत प्रेसवाल्यांचा आक्षेप मला मान्य आहे. पाणी साठवून, आम्लाने उदासीन करून विल्हेवाट लावण्याची सोय असेल तरच ती प्रक्रिया करावी. बाकासाठी तिच्याविना चालेल.

विक्रीआधी दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली, तुकडा वाळवून तोलावा, चोवीस तास पाण्यात ठेवून पुसून पुन्हा तोलावा. वजनातील वाढ एक-दोन टक्क्यांत राहिली तर फळी पावसात काढायला हरकत नाही. पाच टक्क्यांच्या पुढे गेली तर वाळवण किंवा भुसा झाडणे यांपैकी काहीतरी राहिले आहे. ही परीक्षा कापलेल्या कडेच्या आणि बंद केलेल्या कडेच्या अशा दोन्ही तुकड्यांवर करावी, म्हणजे कड बंद करण्याच्या मेहनतीचा फायदा आकड्यांत दिसेल. दुसरी परीक्षा वाकवण्याच्या बळाची. ती फर्मागुडीसारख्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विनंती केल्यास होऊ शकेल, विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. नमुने जून-जुलैमध्ये केलेल्या फळ्यांतून न्यावेत. मे महिन्याच्या फळ्या नेल्या तर निकाल चांगला येईल, पण तो आपल्या बाराही महिन्यांच्या मालाचा निकाल असणार नाही.